लॅबचं पिल्लू, घरात सात माणसं आणि सगळ्यांनाच तिला खाऊ घालायचंय… मदत करा

ढेमसं:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे महिन्याभरापूर्वी लॅब्राडॉरचं पिल्लू आलं, मादी आहे, आता साडेतीन महिन्यांची, वजन १२ किलो, नाव बुंदी. घर नागपुरात प्रतापनगरला, एकत्र कुटुंब, आजी धरून सात माणसं. हट्ट पुतण्याचा होता आणि निस्तरणं माझ्याकडे आलंय. तर होतं असं की बाबा सकाळी चहासोबत बिस्किट देतात, आजी दूध-पोळी कुस्करून देते, वहिनी दुपारी दही-भात, पुतण्या त्याच्या ताटातली नावडती भाजी गुपचूप टेबलाखाली सारतो आणि दादा रविवारी सावजीचं पार्सल आणतो त्यातलं हाड. शिवाय जिथून बॅग घेतली त्या पेट शॉपवाल्यानं पपी फूड आणि वर कॅल्शियमचं सिरप दिलंय, रोज दोन वेळा पाजा म्हणाला, हाडं मजबूत होतात. शी मधूनमधून पातळ होते. घरभर शू करते, हाताला चावते, सोफ्याचा एक कोपरा गेलाय. घरचं द्यावं की पॅकेटचं? किती द्यावं? घरच्या स्वयंपाकघरात आजी चिकन शिजवू देणार नाही हे आधीच सांगतो, बाहेरून आलेलं गच्चीवर बसून खायचं असा आमच्याकडे नियम आहे. आणि एप्रिल लागला, पुढे मे आहे, त्याची वेगळी धास्ती.

तर्री कमी:
सगळ्यात आधी सावजीची हाडं बंद करा भाऊ. आजच. शिजवलेलं हाड चावलं की त्याच्या टोकदार चिपा निघतात, घशात किंवा आतड्यात घुसतात, वेळ आली तर ऑपरेशन. कच्च्या हाडाचं निराळं आहे, त्यातही जंतूंची भानगड आहेच, पण शिजवलेलं म्हणजे नाहीच. आणि सावजीचा रस्सा म्हणजे कांदा, लसूण, मसाला, तेल, एकूण एक गोष्ट तिच्या कामाची नाही. लोक म्हणतात आम्ही धुऊन देतो. काय धुता बापा, कांदा त्या रश्शात विरघळलेला असतो. इतकं तेल एकदम पोटात गेलं की काही कुत्र्यांचं स्वादुपिंड सुजतं, उलट्या करत दोन दिवस सलाईनवर जातात.

झुणका:
कांद्याबद्दल थोडं नीट सांगतो नाहीतर लोक एका पोह्याच्या घासाला घाबरतात. कांदा-लसणात असे घटक आहेत की कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. साधारण किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा गेला तर त्रास व्हायची शक्यता धरतात, म्हणजे १२ किलोच्या बुंदीला पावणेदोनशे ग्रॅम वगैरे. खाली पडलेला एक घास खाल्ला तर दवाखान्यात पळू नका. पण रोज थोडं थोडं जात राहिलं तर ते साचतं, आणि त्रास त्याच दिवशी दिसत नाही, काही दिवसांनी हिरड्या फिकट, लघवी गडद, कुत्रं सुस्त. कांद्याची पावडर असलेले इन्स्टंट सूप-नूडल्सचे मसाले त्याहून कडक.

जे अजिबात नाही ते म्हणजे चॉकलेट (जितकं कडू तितकं वाईट), दारू, शुगरफ्री च्युइंगम आणि माणसांची टूथपेस्ट, कारण त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असू शकतं आणि त्यानं रक्तातली साखर धाडकन खाली येते. आणि द्राक्षं-मनुका. मनुका आपल्याकडे शिऱ्यात, प्रसादात, खिरीत सगळीकडे असतात म्हणून घरातल्या मोठ्यांना हे मुद्दाम सांगा. द्राक्षांनी काही कुत्र्यांच्या किडन्या जातात, किती खाल्ल्यावर ते आधी सांगता येत नाही. त्यातलं टार्टारिक ॲसिड कारण असावं असं आता मानतात आणि तेच चिंचेतही भरपूर असतं, त्यामुळे चिंचेचं सारही नको.

उंटावरून:
हे वाचून हसू येऊन राहिलं. आमच्या गावाकडच्या घरी चार कुत्री होती, पोळीतुकड्यावर जगली, कुणी कॅलरी मोजल्या नाही अन् कुणाला सिरप पाजलं नाही. शहरात येऊन कुत्र्याचे पण नखरे सुरू झाले.

झुणका:
काका, सिरप पाजू नका हेच तर मीही म्हणणार आहे. गावचं कुत्रं तुमच्या पोळीवर जगत नव्हतं, पोळी त्याचा नाश्ता होता. उंदीर, घुशी, कोंबडीची आतडी, शेतातलं काय काय ते स्वतः मिळवत होतं आणि दिवसभर पळत होतं. आणि किती वर्षं जगायचं तेही आठवा. फ्लॅटमधल्या लॅबला पोळी-दूध दिलं तर तिला फक्त पोळी-दूधच मिळतं, वर पळायला हॉल.

ढेमसं, आता हिशेब. कॅल्क्युलेटर घ्या. वजनाला वजनानं गुणा, परत वजनानं गुणा, मग स्क्वेअर रूटचं बटण दोनदा दाबा, मग ७० ने गुणा. १२ किलोला हे ४५० च्या आसपास येतं. ही नुसतं पडून राहायला लागणारी एनर्जी. पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत याला ३ ने गुणायचं, त्यानंतर मोठं होईपर्यंत साधारण २ ने. म्हणजे आत्ता बुंदीला दिवसाला साडेतेराशे कॅलरीच्या जवळपास आणि थोड्याच दिवसांत याच वजनाला नऊशे, पण वजनही वाढत जाईल म्हणून दर दोन आठवड्यांनी वजन करून नवा आकडा काढा. हा आकडा फक्त सुरुवातीसाठी आहे, खरी तपासणी हातानं: बरगड्या दिसायला नको पण हात फिरवला की लागायला पाहिजेत, वरून पाहिलं तर कमर दिसली पाहिजे. लॅब खादाड जात, ती 'पुरे' कधीच म्हणणार नाही.

आणि वरचा खाऊ एकूण कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत. म्हणजे १३५. ग्लुकोज बिस्किटात १०० ग्रॅममागे साडेचारशेच्या घरात कॅलरी असतात, त्यामुळे बाबांची ३० ग्रॅम बिस्किटं झाली की दिवसाचा कोटा खलास. किंवा आजीची तूप लावलेली एक पोळी. दोन्ही मिळून तर गेलंच.

ढेमसं:
बापरे. आमच्याकडे तो कोटा सकाळी आठलाच संपतो मग. सिरपचं काय ते सांगाल का? बंद करू?

झुणका:
बॅगवर 'लार्ज ब्रीड पपी' लिहिलंय का पाहा. लिहिलं असेल तर त्यात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं, वरून सिरप नको. मोठ्या जातीच्या पिल्लांना कॅल्शियम कमी पडणं जितकं वाईट तितकंच जास्त होणंही, लहान वयात त्यांच्या आतड्याला जास्तीचं अडवता येत नाही आणि हाडं वेडीवाकडी वाढतात. हे ग्रेट डेनच्या पिल्लांवर तपासून झालेलं आहे. काही दुकानांत बॅगेसोबत सिरप चिकटवायची पद्धतच पडलीये. तुमच्या डॉक्टरांना बाटली दाखवा, कारणाशिवाय ते पण सुरू ठेवणार नाहीत.

घरचं की पॅकेटचं, यावर माझं मत असं की मोठ्या जातीचं पिल्लू असेल तर वर्ष-सव्वा वर्षाचं होईपर्यंत पॅकेटचंच बरं, कारण वाढीच्या वयात घरी कॅल्शियम-फॉस्फरसचा मेळ बसवणं अवघड. एकदा वाढ झाली की घरच्या जेवणावर आणा बिनधास्त. फक्त चिकन-भात म्हणजे घरचं जेवण नाही, कॅल्शियम त्यात जवळपास नसतंच. मोठ्या कुत्र्याला हजार कॅलरीमागे सव्वा ग्रॅम तरी कॅल्शियम लागतं. अंड्याची टरफलं उकळून वाळवून मिक्सरला एकदम बारीक केली तर त्या पावडरच्या एका सपाट छोट्या चमच्यात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळतं, ३० किलोच्या लॅबला दिवसाला तेवढं साधारण पुरतं. बाकी झिंक, आयोडीन, व्हिटॅमिन ई, डी यांच्यासाठी कुत्र्यांची सप्लिमेंट डॉक्टरांकडून घ्यावी लागते. दुधी, लाल भोपळा, गाजर शिजवून चालतं. मीठ-मसाला-फोडणी नाही.

सांबारवडी:
आमचं घर पूर्ण शाकाहारी आणि इंडी, म्हणजे आपली देशी कुत्री आहे, सहा वर्षांची, नाव भुरी. आजींचा प्रश्न ओळखीचा आहे :) आमच्या सासूबाईंनी अंड्याला परवानगी दिली पण भांडं वेगळं आणि शेगडी गॅलरीत. मी अंडी, पनीर, सोयाचे चंक्स, मूग किंवा तूरडाळ साधी शिजवून आणि थोडा भात असं देते, वर डॉक्टरांनी लिहून दिलेली सप्लिमेंट. कुत्रा मांजरासारखा कट्टर मांसाहारी नाही, नीट बांधलेल्या शाकाहारी जेवणावर तो राहू शकतो, पण नीट बांधलेलं हा शब्द महत्त्वाचा. नुसता दही-भात म्हणजे पोट भरतं फक्त. भुरीला मी वर्षातून एकदा रक्त तपासून घेते. ढेमसं, तुम्ही तर पिल्लाला पॅकेटचंच देणार असाल तर आजींना काही अडचण यायला नको, ती बॅग स्वयंपाकघरात ठेवू नका म्हणजे झालं. दुधाबद्दल: आईपासून तुटल्यावर बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही, पातळ शी त्याचीही असू शकते. आधी दूध थांबवून पाहा.

बर्डीवाला:
पातळ शीला जंत पण कारण असतात. जंताचं औषध कधी दिलं शेवटचं? पिल्लाला बारा आठवड्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी अन् मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला देतात. एकदा शी तपासून घ्या, डबीत ताजी न्यायची, सकाळची. अन् रक्ताची शी, उलट्या अन् खाणं बंद असं तिन्ही एकत्र दिसलं तर रात्र काढू नका, पार्वो (विषाणूचा आजार) असू शकतो, पिल्लू एक-दोन दिवसांत हातचं जातं. सगळे डोस झाले का तुमचे? शेवटचा डोस सोळा आठवड्यांच्या आसपास असतो, तोवर रस्त्यावरच्या शी-मुताजवळ हुंगू देऊ नका.

सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ पासूनचं, आता माफसू विद्यापीठाखाली येते. तिथल्या दवाखान्यात एक्स-रे, रक्त, सर्जरी सगळं होते, शिकणारी पोरं असतात त्यामुळे वेळ लागतो पण सर उभे राहून पाहतात. सकाळी लवकर जा.

ढेमसं:
रेबीजची राहिलीये, पुढच्या आठवड्यात बोलावलंय. बाकीचे दोन डोस झालेत. दूध बंद केलं कालपासून, आजी रुसलीये. तिचं म्हणणं, मुक्या जनावराला तोंडचं काढता. यावर काय बोलणार.

रात्रपाळी:
मी माणसांची डॉक्टर आहे, कुत्र्यांचं मला कळत नाही, पण एक वाक्य वाचून थांबले. पिल्लू हाताला चावतं आणि रेबीजची लस राहिली आहे. पुतण्याला ओरखडा आला, दात लागून रक्त आलं तर 'आपलंच आहे, घरातलंच आहे' म्हणून सोडू नका. जखम साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून, कारण बहुतेक लोक दोन मिनिटांत हात पुसतात. हळद, मिरची, चुना काही भरायचं नाही, पट्टी आवळायची नाही. मग मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात जाऊन दाखवायचं, इंजेक्शन लागेल का ते तिथे ठरवतील. लागलं तर दंडात, त्वचेत दिलेल्या डोसचं वेळापत्रक ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असतं, पोटात चौदा इंजेक्शनं हा जमाना कधीच गेला तरी लोक त्याच भीतीनं लपवतात. मुलं तर हमखास लपवतात, कुत्र्याला काढून टाकतील म्हणून. पुतण्याला आधीच सांगून ठेवा की तू सांगितलंस तर बुंदी कुठेही जाणार नाही.

बर्डीवाला:
👍 हे वाक्य पुतण्याला वाचून दाखवा.

फुटाळा फेरी:
ट्रेनिंगचं कुणी लिहिलं नाही अजून म्हणून लिहितो, मोठं होईल, सहन करा.

तुमच्याकडे सात माणसं आहेत म्हणजे बुंदीचे सात मास्तर आहेत आणि प्रत्येकाचा सिलॅबस वेगळा. बाबा 'सिट' म्हणत असतील, आजी 'बस ग', पुतण्या 'सिट डाऊन सिट डाऊन सिट डाऊन', आणि टेबलाखाली मागितलं की एक जण ओरडतो, दुसरा देतो. कुत्र्याला दर वेळी मिळालं नाही तरी चालतं, दहातून एकदा मिळालं तरी ते मागणं पक्कं होतं, उलट अधूनमधून मिळणारं जास्त चिकट. त्यामुळे घरात एकानं लाड केला की बाकी सहांची मेहनत पाण्यात.

यावर एकच उपाय मी पाहिलाय. सकाळी तिचं दिवसाचं सगळं खाणं मोजून घ्या. त्यातून दोन मुठी कोरडे दाणे एका डब्यात काढून हॉलमध्ये ठेवा, बाकी तीन वेळच्या जेवणाला. आता ज्याला तिला काही द्यायचंय त्यानं त्या डब्यातूनच द्यायचं, आणि फुकट द्यायचं नाही, आधी तिला बसायला सांगायचं. डबा संपला की संपला. कुणाचा हात अडवायचा नाही, फक्त हातात काय आहे ते बदलायचं. आजींना मुद्दाम डब्याच्या इन्चार्ज करा. ज्यांना खाऊ घालायची हौस असते ना, ते सगळ्यात चांगले ट्रेनर होतात, कारण त्यांना कंटाळा येत नाही.

बसायला शिकवणं सोपं. दाणा नाकासमोर धरून हळूच डोक्याच्या वरून मागे न्या, मान वर गेली की बूड आपोआप खाली टेकतं. टेकल्याबरोबर 'छान' म्हणा आणि द्या. 'टेकल्याबरोबर' म्हणजे सेकंदभरात, तुम्ही दाणा शोधेपर्यंत ती उठली तर तुम्ही तिला उठायला शिकवलं. तीन-चार मिनिटं, दिवसातून चार-पाचदा, बस झालं. शब्द मराठी ठेवा की इंग्रजी, सगळ्यांचा एक ठेवा आणि फ्रिजवर चिकटवा.

शू: झोपून उठली की, खाल्लं की, खेळून झालं की, आणि एरवी दर दीड-दोन तासांनी बाहेर, त्याच एका जागी. या वयात चार-साडेचार तासांच्या वर रोखून धरायची ताकदच नसते, तेही झोपेत. बाहेर केली की तिथेच बक्षीस, घरात येऊन नाही. घरात झाली तर गुपचूप पुसा, नाक घासायचं नाही, ओरडायचं नाही, त्यानं ती एवढंच शिकते की माणसासमोर शू करणं धोक्याचं, मग सोफ्यामागे जाऊन करते. फिनाईलनं पुसू नका, आपल्याला वास गेला वाटतो तिला येतोच आणि ओल्या फरशीवरून चालून पाय चाटले की पोटात. एन्झाईमवाले क्लीनर मिळतात ते आणा.

चावणं: चार ते सहा महिन्यांत दुधाचे दात पडतात, हिरड्या शिवशिवतात. हात चावला की खेळ बंद, उठून निघून जायचं, काही सेकंदांनी परत येऊन चावायला तिची वस्तू द्यायची. गाजर फ्रिजमध्ये गार करून द्या, लॅब लोक त्यावर फिदा असतात. आणि ताटातलं ओढून घेऊ नका, तिच्या भांड्यात हात घालून 'बघू घेऊ देते का' असली परीक्षा पाहू नका. तोंडात चप्पल आहे? दाण्याच्या बदल्यात घ्या, 'सोड' म्हणत. ओढाताण केली तर पुढच्या वेळी ती घेऊन पळेल किंवा गुरगुरेल.

उंटावरून:
हे सगळं लाडाचं. कुत्र्याला घरात मालक कोण ते एकदा कळलं पाहिजे. पेपरची गुंडाळी करून एक द्यायची, मानगूट धरून खाली दाबायचं, परत करत नाही.

फुटाळा फेरी:
काका, ते 'मालक कोण' प्रकरण लांडग्यांवरून आलं होतं. एकमेकांना अनोळखी लांडगे पिंजऱ्यात एकत्र कोंडले तेव्हा ते मारामाऱ्या करून नंबर लावत होते. जंगलातला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पोरं, तिथे असं काही नसतं. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच, ज्यांच्या लिखाणामुळे ती 'अल्फा'ची कल्पना पसरली त्यांनीच पुढे ती चूक असल्याचं सांगितलं. मारलेलं कुत्रं गुरगुरणं बंद करतं हे खरं आहे, आणि तेच घातक, कारण मग ते इशारा न देता चावतं. घरात लहान मूल आहे त्यांच्या.

उंटावरून:
बरं. डब्याची आयडिया ठीक आहे, तेवढी मानतो.

गोचीड वैरी:
पावसाळ्याच्या आधी एक बोलून ठेवतो कारण दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये इथे 'कुत्रं दोन दिवस जेवत नाही' असे धागे सुरू होतात. नागपुरात गोचीड म्हणजे पाहुणा नाही, भाडेकरू आहे. कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड घरातच राहते, भिंतीच्या भेगा, दाराची चौकट, कूलरचा स्टँड, गादीची शिवण. एक मादी हजारोंनी अंडी घालते. त्यामुळे अंगावरच्या काढून भागत नाही, जागा पण साफ करावी लागते. काढताना चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढा, बोटानं फोडू नका, रॉकेल ओतू नका. त्यांना साबणाच्या पाण्यात टाका. महिन्याला किंवा बारा आठवड्यांनी द्यायच्या गोळ्या येतात, ठिपके टाकायची औषधं येतात, पिल्लाच्या वजनाप्रमाणे डॉक्टर देतील. फिट येण्याचा इतिहास असेल तर आधी सांगा. घरात मांजर असेल तर परमेथ्रिनवालं औषध कुत्र्यालाही लावू नका, मांजर मरते त्यानं.

ताप, सुस्ती, खाणं बंद, हिरड्या फिकट, नाकातून रक्त, पोटावर लाल ठिपके, यातलं काहीही दिसलं तर रक्त तपासा, प्लेटलेट्स पाहा. एर्लिकिया (गोचीड चावून होणारा आजार) निघाला तर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक साधारण २८ दिवस चालतं. चौथ्या-पाचव्या दिवशी कुत्रं शेपूट हलवत जेवतं आणि लोक गोळ्या बंद करतात, मग महिन्यादोन महिन्यांनी तोच आजार जास्त चिवट होऊन परत. बबेसिया (हाही गोचीडीमुळेच होतो) निघाला तर औषध वेगळं, म्हणून मेडिकलवाल्याला विचारून शेजाऱ्याच्या कुत्र्याचं प्रिस्क्रिप्शन चालवू नका.

सांबारवडी:
भुरीला झालं होतं तेव्हा मी गोळी पनीरमध्ये लपवून देत होते, डॉक्टरांनी कान उपटले. डॉक्सी दूध-दही-पनीरसोबत नीट अंगी लागत नाही म्हणे?

गोचीड वैरी:
हो, दुधातलं कॅल्शियम त्याला पकडून ठेवतं. उपाशी पोटी दिली तर उलटी करतात. म्हणून जेवणासोबत, पण जेवणात दुधाचं काही नको. उकडलेल्या बटाट्याच्या गोळीत किंवा अंड्याच्या तुकड्यात लपवा आणि वरून पाणी पाजा किंवा अजून दोन घास द्या, कोरडी गोळी घशात अडकून राहिली तर अन्ननलिकेला जखम करते. युक्ती: तीन गोळे करा, पहिला रिकामा, दुसऱ्यात गोळी, तिसरा नाकासमोर धरूनच दुसरा द्या. तिसऱ्याच्या नादात दुसरा गिळतात. लॅबला एवढं नाटक करावंच लागणार नाही म्हणा.

आणि आपल्या घरातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन कुत्र्याला कधीच नाही. लंगडतंय म्हणून अर्धी दिली, असं लय ऐकतो. किडनी नाहीतर लिव्हर जाते, पोटात अल्सर होतात ते वेगळं.

खस आणि कूलर:
मे बद्दल लिहितो. आमच्याकडे पग होता, चपट्या नाकाचा, त्यामुळे या विषयात मी जरा कडक आहे. २०२४ च्या मे मध्ये आपल्या नागपुरात एका यंत्रानं ५६ अंश दाखवलं होतं, सेन्सर बिघडलेला निघाला, पण खरे ४५ पण कुत्र्यासाठी भरपूर आहेत. त्याला घाम फक्त पंजांना येतो, बाकी सगळं धापा टाकून. फिरायला सकाळी सहाच्या आत आणि रात्री साडेआठ-नऊनंतर. रस्त्याला उलटा हात टेकवून सात सेकंद धरता आला तरच चालवा. गाडीत ठेवून 'दोन मिनिटांत आलो' अजिबात नाही.

कूलर चांगला आहे, फक्त अर्थिंग तपासून घ्या आणि टाकीचं पाणी चाटू देऊ नका, त्यात लोक औषधं टाकतात. पाण्याची दोन-तीन भांडी वेगवेगळ्या जागी, मातीची असतील तर उत्तम. उन्हाळ्यात खाणं कमी होतं, घाबरू नका, जेवणाच्या वेळा सकाळी लवकर आणि रात्री उशिरा करा. बिनमिठाचं पातळ ताक थोडं चालतं, पण बुंदीचं पोट नाजूक आहे तर नकोच.

कुत्र्याचं नॉर्मल तापमान ३८.३ ते ३९.२, म्हणजे आपल्यापेक्षा जास्तच. ४१ च्या वर गेलं तर उष्माघात. जोरजोरात धाप, चिकट लाळ, हिरड्या गडद लाल, झोकांड्या, उलटी. तेव्हा आधी गार करायचं आणि मग दवाखाना: नळाच्या पाण्यानं पूर्ण भिजवा, पंख्यासमोर ठेवा, पाणी ओतत राहा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो थोड्या वेळात गरम होऊन उष्णता आतच कोंडतो. साडेएकोणचाळीसपर्यंत उतरलं की थांबा नाहीतर उलट जास्त गार पडतं. आणि बरं दिसलं तरी दाखवून या, आतला त्रास दुसऱ्या दिवशी बाहेर येतो.

हस्कीचा गुलाम:
हस्की आहे, मनीषनगरला. हसू नका. टक्कल करावं का उन्हाळ्यात?

खस आणि कूलर:
हसलो. टक्कल नको, त्या दुहेरी केसांनी ऊनही अडतं आणि एकदा मशीन मारली की केस नीट परत येतीलच असं नाही. रोज विंचरून आतली मेलेली लव काढा आणि दुपारी एसी लावा. हस्की घेतला तेव्हाच एसीचं बिल घेतलं तुम्ही.

ढेमसं:
अपडेट देतो. सिरप बंद, डॉक्टरांनीच बंद केलं. जंताचं औषध दिलं, शी तपासली, आता घट्ट आहे. रेबीजची लस झाली. डब्याचं सांगितलं तर आजीनं दिवाळीचा चिवड्याचा स्टीलचा डबा काढून दिला आणि आता त्याला ती कुणालाच हात लावू देत नाही, बाबांनी बिस्किट दिलं तर त्यांनाच रागावते. बुंदी आजीसमोर न सांगताच बसते, बाकी कुणाचं ऐकत नाही हा नवा प्रॉब्लेम. पुतण्याची भाजी अजून टेबलाखाली जाते असा संशय आहे.

फुटाळा फेरी:
आजींनी उरलेल्यांना एकेक मूठ वाटून द्यायची आणि प्रत्येकानं वेगळ्या खोलीत, गच्चीत, गेटजवळ बसायला सांगायचं. कुत्र्याला 'आजी + हॉल + डबा = बसणे' एवढंच कळलंय अजून, जागा आणि माणूस बदलून परत शिकवावं लागतं. पुतण्याला जेवताना डबा द्या आणि बुंदीला तिच्या चटईवर बसवायची ड्युटी द्या, भाजीचं आपोआप उघडं पडेल.

तर्री कमी:
पुढच्या दोन महिन्यांसाठी अजून एक. आंब्याची कोय आणि भुट्ट्याचा बुरकुंडा (दाणे खाऊन उरतो तो). लॅब न चावता गिळते आणि ते आतड्यात जाऊन अडकतं, एक्स-रेवर बुरकुंडा नीट दिसत पण नाही. पाऊस पडला की फुटाळ्याला, अंबाझरीला तलावाकाठी रस्ताभर बुरकुंडे पडलेले असतात. त्याआधी 'सोड' पक्कं करून घ्या, आणि पट्टा आखूड धरा तिथे.

नवीन सदस्य ०७:
याच धाग्यात विचारतो, आमच्या गल्लीत लोक भटक्या कुत्र्यांना गेटसमोर खायला घालतात, माझं पॉम (पॉमेरेनियन) घेऊन निघालो की दहा जण मागे लागतात. कोर्टानं बंदी केली होती ना?

बर्डीवाला:
२०२२ ला नागपूर खंडपीठानं सार्वजनिक जागी खायला घालण्यावर आदेश दिला होता, खायला घालायचं तर दत्तक घ्या असं, पण तो दत्तकवाला भाग सुप्रीम कोर्टानं लगेच स्थगित केला. पुढेही बरंच काही झालं, ते भांडण इथे नको, त्यासाठी वेगळा धागा काढा, लोक दोन्हीकडून तुटून पडतील. तुमच्या कामाचं सांगतो: खायला घालणाऱ्यांशी बोलून त्यांची वेळ विचारून घ्या आणि त्या वेळेत निघू नका. पॉमला उचलून घेऊ नका, खालची कुत्री उड्या मारतात अन् हात तुमचा चावतो. पळू नका, कुत्री अन् तुमच्यामध्ये काहीतरी आडवं ठेवा, छत्री उघडली तरी चालते, अन् मूठभर दाणे लांब फेकून दुसऱ्या बाजूनं निघा. पॉमची रेबीजची लस यावर्षीची झाली का?

नवीन सदस्य ०७:
मागच्या वर्षी दिली होती. यावर्षी राहिली बहुतेक.

बर्डीवाला:
मग उद्या सकाळी आधी तेच करा. कार्ड सोबत न्या, त्यावर तारीख अन् स्टिकर लावून घ्या.